व्यंगचित्र-वाचन

राजकीय व्यंगचित्र उलगडून पाहण्यास व त्यावर लिहिण्यास विद्यार्थ्यांना शिकवण्याची पद्धती. इतिहास, राज्यशास्त्र व भाषा या विषयांच्या अध्यापनात ती वापरली जाते.

संज्ञा : ‘व्यंगचित्र’ या शब्दाची फोड दोन प्रकारे केली जाते. ‘व्यंग’ म्हणजे शारीरिक उणीव वा दोष. त्यावरून दोष दाखवणारे, नाक-कान वाढवून काढलेले चित्र, असा एक अर्थ. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘व्यंग्य’ आहे (हिंदीत ‘य’ टिकला, मराठीत गळाला) आणि त्याचा संबंध व्यंजनेशी, म्हणजे सूचित अर्थाशी पोहोचतो. नवव्या शतकाच्या सुमारास संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनिविचार (सूचित अर्थाचा सिद्धांत) मांडताना वाच्यार्थापलीकडच्या या अर्थाला काव्याचा प्राण मानले. नंतरचा काव्यशास्त्रकार मम्मट याने मात्र ज्यात व्यंग्य नाही अशा कनिष्ठ काव्याला ‘चित्र’ म्हटले. त्या परिभाषेत ‘व्यंग्यचित्र’ हा शब्द वदतोव्याघात, म्हणजे स्वतःशीच विसंगत, ठरेल. तरीही अध्यापनाच्या दृष्टीने दुसरी फोड अधिक उपयुक्त वाटते. शरीर बिघडवून काढलेल्या चेहऱ्याला मराठीत ‘अर्कचित्र’ हा स्वतंत्र शब्द आहेच, आणि वर्गात शिकवायचे असते ते चेहऱ्याच्या पलीकडचे.

इंग्रजीतील ‘कार्टून’ शब्दाचा प्रवास त्या मानाने स्पष्ट आहे. इटालियन भाषेत तो जाड कागदासाठी व त्यावरच्या भित्तिचित्राच्या आराखड्यासाठी होता. १८४३ मध्ये लंडनच्या संसदभवनासाठी अशा आराखड्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा पंच साप्ताहिकाने जॉन लीचचे उपरोधिक चित्र ‘कार्टून क्रमांक १’ म्हणून छापले. पुढे तोच अर्थ रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्याहून निघणाऱ्या हिंदुपंच या पत्राच्या नावातही त्या साप्ताहिकाचा प्रभाव दिसतो.

अध्यापनातील वापर : इंग्लंडमध्ये साधारणतः १९७० नंतर मूळ कागदपत्रे, चित्रे अशा साधनांवर आधारित इतिहास-शिक्षणाने जोर धरला व व्यंगचित्रे प्रश्नपत्रिकांत स्थिरावली. जॉन टेनिएलचे बिस्मार्कवरील चित्र (१८९०) हे त्यातले ठरीव उदाहरण. त्यात पदावरून दूर झालेला जर्मन चॅन्सलर बिस्मार्क पायलटच्या वेशात जहाजाची शिडी उतरतो आणि तरुण कैसर (जर्मन सम्राट) वरून कठड्यावर रेलून पाहतो. पायलट म्हणजे जहाजाला धोक्याच्या पाण्यातून वाट दाखवणारा, हे माहीत नसले तर चित्र नुसतेच प्रवासाचे वाटते.

भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एन.सी.ई.आर.टी.च्या (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शंकर, आर. के. लक्ष्मण आदींची व्यंगचित्रे प्रश्नांसह आली. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव हे या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचे १९४९ चे चित्र होते : संविधान नावाची गोगलगाय, तिच्यावर स्वार डॉ. आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू, भोवती बघ्यांची गर्दी. ११ मे २०१२ रोजी त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तक मागे घेण्याची घोषणा झाली, दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. पुढे सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अनेक चित्रे वगळण्याची शिफारस केली, समितीचे सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी भिन्नमत नोंदवले.

वादाचे मर्म वाचनातच होते. चाबूक गोगलगायीवर उगारलेला आहे की स्वारावर? डॉ. आंबेडकरांच्या हातातही चाबूक आहे, म्हणजे दोघेही तिलाच हाकत आहेत, हे वाचन चित्रातील तपशिलाला अधिक धरून आहे. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची; १९४९ उजाडून सरत आले तरी काम चालूच होते, हा रोख १९४९ च्या वाचकाला सांगावा लागत नव्हता. पण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या मार सोसला, त्याला बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक आधी दिसावा, यात अज्ञान नाही. चित्र काढले तेव्हाचा अर्थ आणि पाहिले जाते तेव्हाचा अर्थ हे दोन्ही वर्गात यायला हवेत. चित्र काढून टाकल्याने दोन्ही जातात.

पद्धती व लेखन : प्रथम फक्त दिसते ते नोंदवायचे, मग कोण व कशाचे प्रतीक, मग काळ, शेवटी चित्रकाराचे म्हणणे, असा क्रम सामान्यतः असतो. विद्यार्थी पहिल्या पायरीवर थांबत नाहीत. ‘नेहरू आंबेडकरांवर रागावले आहेत’ असा निष्कर्ष पहिल्याच ओळीत येतो. चेहरा, हात, चाबकाचे टोक कोठे आहे हे आधी लिहायला लावले की तो निष्कर्ष बहुधा बदलतो. लेखनात दावा आणि चित्रातील खूण एकाच वाक्यात बांधणे महत्त्वाचे. ‘गोगलगाय म्हणजे हळूपणा’ हे अपुरे आहे. ‘घोड्याऐवजी गोगलगाय देऊन शंकर यांनी विलंबाचा दोष स्वारापेक्षा वाहनावर, म्हणजे संविधान घडवण्याच्या प्रक्रियेवर टाकला आहे’ हे विश्लेषण झाले. त्यावर ‘मग स्वाराच्या हाती चाबूक का?’ असे विचारता येते, आणि दुसरा परिच्छेद तेथून सुरू होतो.

कात्रण चिकटवताना दिनांक व पत्राचे नाव राखणे आवश्यक असते. दिनांक कापला गेलेले चित्र वर्गात नेण्याआधी जुन्या अंकांत शोधून काढावे लागते; त्या दिवशीची पहिल्या पानावरची बातमी शेजारी ठेवली की अर्धे प्रश्न विद्यार्थीच विचारतात.