खाज थांबली म्हणजे नायटा गेला का?

जांघेतल्या नायट्यावर मेडिकलमधून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम आणायचं आणि दोन दिवसांत खाज थांबली की ‘गुण आला’ म्हणायचं, हा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. खाज आणि लाली दबते ती क्लोबेटासोलसारख्या स्टेरॉइडमुळे. बुरशी मात्र आत पसरत राहू शकते. चट्ट्याची कडा पुसट झाली की डॉक्टरांनाही निदान अवघड जातं. जांघेत, काखेत कातडी पातळ होऊन पडलेले व्रण तर सहसा जातच नाहीत. कृपा करून चेहऱ्यावर किंवा बाळाच्या लंगोटाखाली हे स्वतःहून लावू नका. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. इसबात जंतुसंसर्ग झाला तर डॉक्टर संयुक्त मलम देतातही, पण मोजक्याच दिवसांसाठी.