संयुक्त नामांची तोड (इंग्रजी)

लांब इंग्रजी जोडनामातील उच्चाराचे अवयव, म्हणजे सिलॅबल, आणि अर्थाचे घटक, म्हणजे रूपिम, वेगळे करून दाखवण्याची रीत. पहिली तोड कानाने ठरते, दुसरी अर्थाने.

‘स्क्रूड्रायव्हर’मध्ये स्क्रू, ड्राइव्ह आणि कर्तृवाचक ‘अर’ असे तीन घटक आहेत. अवयवही तीनच, पण मधल्या ‘व्ह’चा धनी कोण, यावर एकमत नाही. शब्दारंभी चालतील तेवढी व्यंजने पुढच्या अवयवाला द्यावीत, या मताने तो शेवटच्या अवयवात जातो. अमेरिकन कोश छपाईची, म्हणजे ओळीअखेरची, तोड त्याच्यानंतर दाखवतात. भाषाशास्त्रज्ञ डॅनियल कान यांनी १९७६ च्या प्रबंधात अशी व्यंजने दोन्ही अवयवांत मोजली. प्रत्यक्ष बोलण्याशी हेच मत अधिक जुळते, असे काहींना वाटते. वाद जुना आहे. अमेरिकन कोशकार नोआ वेब्स्टर यांनी १७८३ मध्येच ‘क्लस्टर’मधला ‘स’ पुढच्या अवयवातून काढून मागच्या अवयवाला जोडला होता. संगणकीय छपाईसाठी फ्रँकलिन लिआंग यांनी १९८३ मध्ये ओळीअखेरची तोड ठरवणारे सुमारे साडेचार हजार अक्षरनमुने दिले.

देवनागरीत वेगळीच अडचण येते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रोज कानावर पडणारा ‘क्रँकशाफ्ट’ घ्या. लिहिताना क्रँ, क, शा, फ्ट अशी चार अक्षरे होतात. बोलताना अवयव दोनच, क्रँक् आणि शाफ्ट्. बोटांवर मोजणारा विद्यार्थी हमखास चार सांगतो. ‘स्क्रू’चा ‘इस्क्रू’ झाला की अवयव वाढतो, घटक वाढत नाही. समास तत्पुरुष, म्हणून प्रधान पद शाफ्ट. गॅरेजमध्ये मात्र तेच गाळून नुसते ‘क्रँक’ म्हणतात.

खुद्द शहराच्या नावातही हा पेच आहे. ‘पूर’ निर्विवाद. ‘कोल्हा’ हा देवीने मारलेला कोल्हासुर, असे स्थलपुराण सांगते. काही अभ्यासक दरीवाचक द्राविडी ‘कोल्ल’ सुचवतात. जुन्या लेखांतील ‘कोल्लापुर’ हे रूप पाहता दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. त्या रूपाची तोड कोल्-ला-पुर. आजच्या उच्चारात ‘ल्ह’ हे एकच महाप्राण व्यंजन धरावे लागते. ‘कल्हई’तला ‘क’ वृत्तात लघुच राहतो, त्यावर आघात येत नाही. म्हणून मराठीत को-ल्हा-पूर. रोमन लिपीत एल आणि एच सुटे पडतात, आणि इंग्रजी वाचणारा कोल्-हा-पूर म्हणून मोकळा होतो.