मिरचीची रोपं न्यायच्या आधी हिरीचं पाणी बघा

सीझन सुरू झाला की रोज दोन-तीन फोन ठरलेले, "खाऱ्या रानात चालेल अशी मिरची हाय का तुमच्याकडं?" आम्ही रोपवाटिकावाले, हो म्हणलं तर ट्रे लगेच खपतील, पण तसलं रोप आमच्याकडं नाही. काही जाती थोडा जास्त तग धरतात हे खरंय, त्यांची मुळी सोडियम पानापर्यंत जाऊ देत नाही, पण नुसती जात बदलून खारवट रान जिंकता येत नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी देऊन मीठ वर आलंय, तरी ऊस दिसतो बरा, म्हणून वाटतं मिरचीही येईल. इथंच फसतंय बघा. मातीचा ईसी (म्हणजे मीठ किती आहे त्याचं माप, डेसीसिमेन्स प्रति मीटरमधे) १.५ च्या वर गेला की पुढच्या प्रत्येक १ ला मिरचीचं उत्पन्न साधारण १४ टक्के घटतं, उसाचं ६ टक्क्यांच्या आसपास. पाण्याचा ईसी १ पर्यंत असला तर निवांत, २.२ ला पाव माल गेला म्हणून समजा. आणि एक, आपल्याकडच्या लॅबच्या रिपोर्टात ईसी बहुतेक १:२.५ पद्धतीचा, म्हणजे एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजलेला असतो, तो आकडा कमीच दिसतो, त्याची या १.५ शी तुलना करून खूश होऊ नका.

खारानं होतं काय, तर रान ओलं असतं पण मुळीला पाणी ओढता येत नाही, दुपारी झाड मान टाकतं, मग आपण अजून पाणी सोडतो, निचरा नसला की खालचं मीठ अजून वर. पानांच्या कडा करपतात, फुलगळ होते, कॅल्शियम पोचत नाही म्हणून फळाच्या टोकाला तपकिरी डाग पडतो आणि लोक त्यावर बुरशीनाशक मारत बसतात.

आमच्याच प्लॉटवर झालेलं सांगतो. ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेनं पांढरी रिंग धरलेली, भुरभुर पाऊस आला म्हणून आम्ही ठिबक बंद केलं, त्या पावसानं कडेचं सगळं मीठ थेट मुळीत ढकललं. चार दिवसात पानं भाजल्यासारखी. तेव्हापासून हलका पाऊस असला की ठिबक चालूच ठेवतो, शेजारी हसतात, हसू देत.

सरीनं पाणी देणार असाल तर रोप बेडच्या मधोमध नको, मीठ तिथंच माथ्यावर गोळा होतं, उतारावर खांद्याला लावा. लाल पोटॅश नको, त्यात क्लोराईड असतं, ०-०-५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. जिप्सम चोपण (सोडियम साचलेल्या) रानाला, म्हणजे सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल तिथं, आणि तेही चर किंवा सच्छिद्र पाईप टाकून निचरा केला असेल तरच. नुसत्या खारवट रानात जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत, तिथं गोड्या पाण्यानं मीठ खाली धुऊन काढावं लागतं. रोप लहान असताना खार सगळ्यात जास्त बाधतो, त्यामुळं कॅनॉलचं पाणी थोडंच मिळत असेल तर ते लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यासाठी राखा.

बुकिंगला येताना बाटलीभर पाणी घेऊन या, आमच्याकडं मीटर आहे, चेक करायचे पैसे घेत नाही. मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू देऊन मग भरा, आणि बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, मागं एकानं सरबताच्या बाटलीतनं आणलेलं आणि आम्ही तासभर डोकं खाजवत बसलेलो.