पट्टी कोरडी म्हणजे रक्तस्राव नाही?

थायरॉइड काढल्यानंतर “ड्रेन लावलाय, पट्टी कोरडी आहे, म्हणजे रक्तस्राव नाही” असं वॉर्डात वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही. ड्रेन म्हणजे जखमेत साचणारं रक्त बाहेरच्या बाटलीत नेणारी नळी; तिच्यात गुठळी अडकली की बाटलीत काही येत नाही आणि रक्त आतच साचत राहतं. शिवाय रुग्ण पाठीवर टेकून असतो. बाहेर झिरपलेलं रक्त ओघळून मानेमागे जातं. म्हणून हात अलगद मानेखाली घाला, चादर ओली लागते का ते बघा.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते रुग्णाचं बोलणं. “गळ्याशी आवळल्यासारखं होतंय” असं तो म्हणाला, किंवा उगाच अस्वस्थ झाला, तर ऑक्सिजनचा आकडा 98 असला तरी थांबू नका. तो आकडा फार उशिरा घसरतो. सर्जनला ताबडतोब बोलवा. श्वास कोंडत असेल तर आत साचलेलं रक्त मोकळं करायला टाके खाटेवरच उघडावे लागतात, त्याचं साहित्य उशाशी तयार हवं. हा धोका पहिल्या 24 तासांत सर्वाधिक.

ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येणं ही वेगळी गोष्ट. ते कॅल्शियम उतरल्याचं लक्षण, बहुधा एक-दोन दिवसांनी दिसणारं. तेही अशक्तपणा म्हणून सोडू नका, लगेच कळवा.