विरजण जग का गिळत नाही?

रात्री जेवणं उरकली की कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं, वर झाकण ठेवायचं आणि झोपायचं. त्या चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. प्रत्येक जण दुधातली साखर खातो, फुगतो आणि मधोमध दुभंगतो. एकाचे दोन, दोनाचे चार. म्हणजे स्वतःच्या प्रती काढणारी, डोळ्यांना न दिसणारी यंत्रं आपण रोज पातेल्यात सोडतो आणि निर्धास्त घोरतो.

विरजणातले जिवाणू तसे सावकाश. आतड्यात राहणारा ई. कोलाय मनासारखं खाणं आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचं वजन साधारण ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. एका जिवाणूपासून सुरुवात करून हा हिशेब कागदावर न थांबता चालवा. पहिल्या दिवसाअखेर पावणेपाच हजार टनांचा ढीग होतो, दुसऱ्या दिवसाअखेर तो पृथ्वीच्या वजनाच्या हजारो पट भरतो. हिशेबात चूक नाही. पण पातेल्यात दूध संपतं, दही आंबट होतं आणि त्याच आंबटपणात जिवाणूंची वाढ खुंटते.

१९८६ मध्ये एरिक ड्रेक्सलर या अमेरिकन अभियंत्यानं असाच हिशेब जिवाणूंऐवजी यंत्रांसाठी मांडला. अणू उचलून हव्या त्या जागी बसवणारी सूक्ष्म यंत्रं बनली तर काय काय घडवता येईल, हे सांगणारं त्याचं पुस्तक मुळात आशेचं होतं. रोगट पेशी दुरुस्त होतील, स्वस्तात काहीही तयार होईल, वगैरे. पण अशी अब्जावधी यंत्रं हातानं कोण बनवणार? ती स्वतःच स्वतःला बनवतील. आणि थांबलीच नाहीत तर? झाडं, माणसं, माती, सगळ्याचा कच्चा माल करून ती फक्त स्वतःच्या प्रती काढत राहतील. या लगद्याला त्यानं नाव दिलं ‘ग्रे गू’. (मराठी वाचकाला हसू येणारच. इंग्रजीत त्याचा अर्थ चिकट, बुळबुळीत लगदा एवढाच आहे.) पुस्तकातली आशा लोक विसरले, लगदा लक्षात राहिला. २००० साली सन मायक्रोसिस्टिम्सचे सहसंस्थापक बिल जॉय यांनी तर असं काही संशोधन आपण होऊन सोडून द्यावं, असं जाहीरपणे लिहिलं.

यंत्रानं स्वतःची प्रत काढायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न मात्र ड्रेक्सलरच्या कितीतरी आधी सुटला होता. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडीना इथे गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी एका व्याख्यानात त्याचं उत्तर मांडलं. यंत्राला दोन गोष्टी हव्यात: सूचना वाचून वस्तू घडवणारा कारागीर आणि सूचनांची पट्टी. पट्टीचा उपयोग मात्र दोनदा करायचा. एकदा अर्थ लावून, एकदा अर्थ न लावता. आजीच्या पाककृतींच्या वहीचंही तसंच असतं. स्वयंपाक करताना ती वाचून समजून घ्यावी लागते. लेकीसाठी उतरवून काढताना समजली नाही तरी चालते, अक्षर न्‌ अक्षर उतरलं की झालं. डीएनएची रचना उलगडली १९५३ मध्ये, आणि पेशी नेमकी हेच दोन उद्योग करते असं दिसून आलं. नॉयमन यांनी पेशीत डोकावून न पाहता हे केवळ तर्कानं गाठलं होतं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या सुंदर अंदाजांमध्ये याचा नंबर फार वरचा आहे.

अकरा वर्षांनी, त्याच गावात, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी अणूंच्या पातळीवर भरपूर जागा रिकामी पडली आहे असं सांगितलं आणि एक इंचाच्या चौसष्टाव्या भागात मावणारी विजेची मोटर बनवणाऱ्याला हजार डॉलरचं बक्षीस लावलं. त्यासाठी काहीतरी नवं तंत्र शोधावं लागेल, ही त्यांची अपेक्षा. विल्यम मॅक्लेलन नावाच्या अभियंत्यानं १९६० मध्ये चिमटा आणि सूक्ष्मदर्शक घेऊन, घड्याळजीसारखा बसून ती मोटर बनवून दिली. नवं तंत्र काही नाही. फाइनमन यांनी मुकाट्यानं पैसे दिले.

अणू हलवणं खरंच जमलं ते १९८९ मध्ये. आयबीएमच्या प्रयोगशाळेत डॉन आयगलर यांनी झेनॉनचे ३५ अणू निकेलच्या पृष्ठभागावर ढकलत ढकलत कंपनीची तीन अक्षरं लिहिली. तापमान उणे २६९ अंशांच्या आसपास, भोवती निर्वात पोकळी. झेनॉन निवडला, कारण तो कुणाशी सहजासहजी जोडला जात नाही. कार्बनचं तसं नाही. रसायनशास्त्रातले नोबेलविजेते रिचर्ड स्मॉली यांनी २००१ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. अणू उचलणारी बोटंही अणूंचीच असणार, म्हणजे जाडी. आणि उचललेला अणू बोटाला चिकटणार. गुळाच्या पाकानं चिकट झालेल्या हातांनी तीळ एकेक करून रांगोळीत मांडून बघा. ड्रेक्सलर यांचं उत्तर असं, की तुमच्या पेशीतला रायबोसोम हे काम रोज करतो, मग अशक्य कसं म्हणता? रायबोसोम हा जेमतेम वीस-पंचवीस नॅनोमीटरचा प्रथिनांचा कारखाना. त्याची रचना उलगडण्यासाठी वेंकी रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल विभागून मिळालं. यावर स्मॉलींचा प्रतिप्रश्न: रायबोसोमला पाणी लागतं, पेशीचा अख्खा संसार लागतो, तो कुठून आणणार? हा वाद २००३ पर्यंत चालला आणि दोघांचीही मनं कडवट करून थांबला. मला स्मॉली थोडे जास्त पटतात. गंमत म्हणजे २००४ मध्ये ड्रेक्सलर यांनीही एका शोधनिबंधात मान्य केलं, की सूक्ष्म कारखान्यासाठी मोकाट फिरणाऱ्या, स्वतःच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांची गरजच नाही.

मोठ्या आकारातही हे सोपं नाही. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी स्वतःचे भाग स्वतः छापणारा थ्रीडी प्रिंटर बनवण्याचा प्रकल्प सुरू केला. २००८ पर्यंत त्याला पहिलं ‘बाळ’ झालं. पण छापले जात ते प्लास्टिकचे भाग. मोटरी, सळया, इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणावं लागे, आणि जोडणीला माणूस. शरीर बनवू शकत नाही म्हणून बाहेरून घ्यावी लागतात, तशा या वस्तूंना प्रकल्पातले लोक ‘व्हिटॅमिन’ म्हणत.

लगद्याच्या या चर्चेत आज प्रत्यक्ष वापरात असलेलं नॅनो तंत्रज्ञान मागे पडलं. ते स्वतःच्या प्रती काढत नाही. त्याची जादू आणि धोका, दोन्ही पृष्ठभागात आहेत. एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच एक नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या ठोकळ्यांत चिरला, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो सहा हजार चौरस मीटर. दीड एकर! खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर का विरघळते, याचंच हे टोकाचं रूप. उघड्या पडलेल्या एवढ्या पृष्ठभागावर रसायनं झपाट्यानं काम करतात.

चांगल्या कामाचं उदाहरण करोनाच्या काही लशी. पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा एमआरएनए हा नाजूक रेणू चरबीच्या सुमारे शंभर नॅनोमीटरच्या गोळ्यांत गुंडाळला नसता, तर पेशीपर्यंत पोचलाच नसता. पुण्यात तयार झालेल्या आणि २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर झालेल्या जेमकोव्हॅक लशीत तर पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए आहे. मात्र तो एका पेशीतून दुसरीत जाऊ शकत नाही, आणि काही काळानं विरून जातो.

धोक्याचं उदाहरण कार्बनच्या नॅनो नळ्यांचं. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब आणि ताठ नळ्यांनी पोटाच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉससारखाच दाह निर्माण केला. आखूड आणि गुंतलेल्या नळ्यांनी तसं केलं नाही. भक्षक पेशी तंतू गिळायला जाते, तो तिच्याहून लांब निघतो, आणि ती धड गिळू शकत नाही की सोडू शकत नाही. पुढची कथा अ‍ॅस्बेस्टॉसनं आपल्याला शिकवलेली आहे: श्वासात तंतू गेला तर कर्करोग दिसायला कित्येकदा वीस-चाळीस वर्षं लागतात. अशा धुळीवर कुणी चित्तथरारक कादंबरी लिहीत नाही. मला मात्र लगद्यापेक्षा तिची भीती जास्त वाटते.

आणि मग नुसता शब्दाचा धोका. शेतकऱ्यांना नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली ठाऊक आहे. ४५ किलोच्या एका गोणीची जागा ती घेईल असं सांगितलं गेलं. सुरुवातीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंहून जास्त. गोणीतलं दोन तृतीयांश नत्र वाया गेलं असं धरलं, तरी पिकाला सातेक किलो मिळतं. बाटलीतला थेंब न्‌ थेंब पानात मुरला तरी वीस ग्रॅमच. कण कितीही बारीक केला तरी वजन वाढत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत युरिया कमी करून त्या जागी नॅनो युरिया फवारल्यावर भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं, यात नवल नाही.

मग ड्रेक्सलरचा लगदा निव्वळ कल्पनाच का? तसं वाटत होतं, डिसेंबर २०२४ पर्यंत. त्या महिन्यात ३८ शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक इशारा दिला, आणि त्यातलं यंत्र धातूचं नव्हतं. सजीवांची प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती जवळपास सगळी डाव्या घडणीची असतात, डीएनएतली साखर उजव्या. डाव्या-उजव्या चपलेसारखाच हा फरक. उद्या प्रयोगशाळेत कुणी सगळंच उलट्या घडणीचं, आरशातल्या प्रतिमेसारखं जिवाणू बनवलं तर? आपली प्रतिकारशक्ती डाव्या घडणीचे रेणू ओळखायला शिकलेली. तिला ते नीट ओळखता येणार नाही. जिवाणू खाणारे विषाणू त्यात शिरू शकणार नाहीत. पातेल्याबाहेर जिवाणूंना दोन गोष्टी अडवतात, संपणारं खाणं आणि शत्रू. त्यातला शत्रू हा भाग इथे नाहीसा होतो. राहिला प्रश्न खाण्याचा. बरीचशी अन्नद्रव्यं त्याच्या उलट्या यंत्रणेला पचणार नाहीत, पण काही रेणूंना डावं-उजवं नसतंच. आणि ते जिवाणू सूर्यप्रकाशावर जगणारं असलं, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सगळीकडे आहेच.

असं जिवाणू अजून किमान दहा वर्षं दूर आहे असा या मंडळींचा अंदाज. सही करणाऱ्यांत मिनेसोटा विद्यापीठाच्या केट अडामाला आहेत. त्या स्वतः अशी पेशी बनवण्याच्या दिशेनं काम करत होत्या, आणि त्यांनी ते थांबवलं. उलट्या घडणीचे सुटे रेणू मात्र बनवत राहावेत, असं या गटाचंही म्हणणं आहे. आपली विकरं (एन्झाइम) त्यांना सहज तोडू शकत नसल्यामुळे ते शरीरात जास्त काळ टिकणारी औषधं होऊ शकतात. भांडण उरलं आहे ते मधल्या पायरीचं. अशा औषधांची प्रथिनं झटपट बनवायची, तर उलट्या घडणीचा रायबोसोम फार कामाचा. आणि नेमका तोच कारखाना हाती आला, की पुढची पेशी बनवायला फार थोडं बाकी राहतं. तो बनवायचा की नाही, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही.