कम्पॅटिबिलिटी म्हणजे छाटलेला फॉरवर्ड प्लस नव्हे

गोडॉट ४ या गेम इंजिनमध्ये नवा प्रोजेक्ट उघडताना रेंडरर, म्हणजे सीनचं चित्र पडद्यावर काढणारा भाग, निवडावा लागतो: फॉरवर्ड प्लस, मोबाइल की कम्पॅटिबिलिटी. पहिला सगळ्यात भारी, शेवटचा सगळ्यात हलका, इथवर बरोबर. पण म्हणून बरेच जण धरून चालतात की कम्पॅटिबिलिटी म्हणजे चार सोयी बंद केलेला फॉरवर्ड प्लसच. तसं नाही. सोर्स कोडमध्ये दोघांची बिऱ्हाडं वेगळी आहेत, शेडरच्या (ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) फायलीसुद्धा वेगळ्या.

फॉरवर्ड प्लस ‘रेंडरिंग डिव्हाइस’ नावाच्या थरावर उभा आहे आणि हा थर खाली व्हल्कनशी किंवा तशाच आधुनिक एपीआयशी (ग्राफिक्स कार्डला काम सांगायच्या ठरलेल्या पद्धतीशी) बोलतो. कम्पॅटिबिलिटी थेट ओपनजीएल या जुन्या एपीआयवर चालतो, ब्राउझरमध्ये त्याच्या वेबजीएल २ या रूपावर. मोबाइल हा नावावरून कम्पॅटिबिलिटीचा भाऊ वाटतो, पण राहतो फॉरवर्ड प्लसच्या घरात.

फरक डोळ्यांना दिसतो तो दिव्यांत. समजा एक लांब बोळ आहे, फरशी एकाच अखंड मेशची (त्रिकोणांच्या जाळीने बनलेल्या आकाराची), आणि वर सावल्या बंद ठेवलेले १२ ऑम्नी लाइट, म्हणजे सगळीकडे उजेड टाकणारे दिवे. फॉरवर्ड प्लस कॅमेऱ्यासमोरची जागा छोट्या कप्प्यांत वाटतो, कुठल्या कप्प्यात कोणते दिवे पोचतात ते आधीच टिपून ठेवतो, आणि प्रत्येक पिक्सेलसाठी त्याच्या कप्प्यातलेच दिवे मोजतो. मूळ सेटिंगमध्ये एका दृश्यात दिव्यांसारखे ५१२ घटक मावतात, त्यामुळे १२ दिव्यांचं त्याला काहीच नाही. कम्पॅटिबिलिटीत यादी मेशगणिक बनते आणि एका मेशला मुळात ८ च ऑम्नी मिळतात. म्हणजे ४ दिवे सीनमध्ये असतात, भिंतींचे वेगळे तुकडे उजळतात, पण फरशीवर त्यांचा उजेड पडत नाही. नवशिका इथे बग शोधत रात्र काढतो. फरशीचे तुकडे केले किंवा प्रोजेक्ट सेटिंगमधली मर्यादा वाढवली की काम होतं.

दोन बिऱ्हाडं म्हटल्यावर काम दुप्पट. ४.० आलं मार्च २०२३ मध्ये. तेव्हा कम्पॅटिबिलिटीत ग्लो (झगझगीत भागांभोवतीची प्रभा) नव्हता, तो नंतर वेगळा लिहावा लागला. एसडीएफजीआय (पृष्ठभागांवरून परतणारा उजेड) किंवा व्हॉल्युमेट्रिक फॉग (जागेत भरलेलं धुकं) मात्र अजून तिथे नाहीत. वेबजीएल २ मध्ये कम्प्यूट शेडरच (ग्राफिक्स कार्डावर नुसती आकडेमोड करणारे शेडर) नसतात, त्यामुळे भारी बाजूचा कोड उचलून तिथे ठेवता येत नाही. आपल्यापुरतं एक बरं आहे: आपण शेडर एकाच भाषेत लिहितो, दोन्हीकडचं भाषांतर इंजिन करतं.

एवढा खटाटोप कशाला? २०१८ च्या ३.० मध्ये ओपनजीएल ईएस ३ चा (ईएस म्हणजे मोबाइलसारख्या यंत्रांसाठीचं ओपनजीएल) एकच रेंडरर होता. २०१९ च्या ३.१ मध्ये जुन्या यंत्रांसाठी ईएस २ चा हलका रेंडरर द्यावाच लागला. आज गोडॉट ४ चा गेम ब्राउझरमध्ये चालतो तो फक्त कम्पॅटिबिलिटीवर. जुन्या लॅपटॉपवर शिकणाऱ्या मुलांसाठीही तोच दरवाजा उघडा आहे, म्हणून मला ही दुप्पट मेहनत रास्त वाटते.

आणि हे फक्त हलका रेंडरर निवडणाऱ्यांपुरतं नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत मशीनवर व्हल्कन किंवा तसा आधुनिक एपीआय नसेल तर गेम आपोआप ओपनजीएलवर, म्हणजे कम्पॅटिबिलिटीवर, उतरतो. तुम्ही फॉरवर्ड प्लसवर बनवलेला बोळ एखाद्याला अर्धवट काळ्या फरशीसह दिसू शकतो. गेम बाहेर देण्याआधी एडिटरच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून कम्पॅटिबिलिटी निवडा, एडिटर पुन्हा सुरू होऊ द्या, आणि फरशीकडे नीट बघा.