मोहरी नाकात चढते ती कशी?

खानापूर-निपाणीकडे आजही पोर किरकिरायला लागलं की मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. ठसका आला नाही की आजी म्हणणार, "बघ की, केवढी दृष्ट लागली हुती!" मिरचीचं सोडा, तिचं झोंबणारं द्रव्य कॅप्सेसिन, ते वेगळंच. मोहरी मात्र विस्तवात नुसती तडतडते, नाकात चढत नाही. दृष्ट न लागलेल्या पोरावरून ओवाळून बघा, तेच होईल.

कोरड्या मोहरीला वास नसतो, फोडणीतली झोंबत नाही. तीच लोणच्यासाठी पाणी घालून फेसायला घेतली की डोळ्यांतून धारा लागतात. कारण झोंबणारं द्रव्य दाण्यात तयार नसतंच. असतं ते सिनिग्रिन, बिनवासाचं आणि कडवट. मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगळ्या पेशींत बसलेलं असतं. दाणा फुटून ओल मिळाली की दोघांची गाठ पडते. विकर सिनिग्रिनमधलं ग्लुकोज तोडून काढतं. उरलेला रेणू अस्थिर. त्यातला सल्फेट निघून जातो आणि अलिल गट, म्हणजे तीन कार्बनांचा एक छोटा तुकडा, कार्बनवरून उडी मारून शेजारच्या नत्रावर जाऊन बसतो. या उडीनेच रसायनशास्त्रज्ञांना चकवलं. गाडामेर यांनी १८९७ साली सिनिग्रिनची रचना मांडली, त्यात हा गट आधीपासूनच नत्रावर होता. एटलिंगर आणि लुंडीन यांनी ती दुरुस्त केली थेट १९५६ मध्ये!

उडीनंतर बनतं ते अलिल आयसोथायोसायनेट, एक गंधकाचं संयुग. ते सहज उडतं, म्हणून जिभेपेक्षा नाकाला आधी कळतं. कडकडीत तेलात किंवा विस्तवात विकरच मरतं, मग उडी मारणार कोण? उकळतं पाणी घालून फेसलेली मोहरी मिळमिळीत होते तीही यामुळेच. लिंबू सुरुवातीलाच पिळलं तरी विकर मंदावतं.

हे द्रव्य ओळखायचं कसं? कॉलेजातली लसेन चाचणी, म्हणजे लेड अ‍ॅसिटेटने येणारा काळा साका, फक्त गंधक आहे एवढंच सांगते. कुठलं संयुग, ते वायू-वर्णलेखनाला (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या पद्धतीला) जोडलेला वस्तुमान वर्णपटमापक, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, सांगतो. आलेखात ९९ वर, म्हणजे या रेणूच्या वस्तुमानावर, ठळक रेघ येते आणि १०१ वर तिच्या साडेचार टक्क्यांएवढी बारीक रेघ. निसर्गातल्या गंधकाच्या शंभरातले चारएक अणू ३२ ऐवजी ३४ वस्तुमानाचे असतात, त्यांची ती खूण. लसणाच्या तेलातल्या डायअलिल डायसल्फाइडमध्ये गंधकाचे अणू दोन, त्यामुळे तिथे १४६ च्या मागची १४८ ची रेघ नऊ टक्क्यांच्या आसपास जाते.